मातीतला खाशाबा, ज्युदोतला इशी

१९२६ साली दोन मुलगे जन्मले. एक १५ जानेवारीला, सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी, पैलवानाच्या घरात. दुसरा त्याच वर्षी जपानमध्ये. पहिल्याला वडिलांनी पाचव्या वर्षीच आखाड्यात उतरवलं. दुसरा ज्युदो शिकत वाढला. सव्वीस वर्षांनी, १९५२ च्या जुलै महिन्यात, हे दोघे फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथल्या मेस्सुहाल्ली नावाच्या सभागृहात एकाच गादीवर समोरासमोर उभे राहिले. खाशाबा दादासाहेब जाधव आणि शोहाची इशी.

ती कुस्ती खाशाबा हरले. तरीही त्या स्पर्धेतून ते कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक पदक, आणि दुसऱ्यासाठी देशाला १९९६ च्या अटलांटापर्यंत, लिअँडर पेसपर्यंत थांबावं लागलं. पदकाची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. इशीची मात्र कुणी फारशी सांगत नाही. दोघांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली, तर आपल्याहून मोठ्या आणि मुरलेल्या गड्याशी भिडताना लहान माणूस कशाच्या बळावर टिकतो आणि कशापायी पडतो, हे स्वच्छ दिसतं. यवतमाळसारख्या जिल्ह्यातून ज्युदोच्या स्पर्धांना निघणाऱ्या पोरापोरींना ती गोष्ट ठाऊक असावी असं मला फार वाटतं, म्हणून हा लेख.

सुरुवात जपानपासून करू. ज्युदो जन्मालाच आला तो लहानखुऱ्या माणसाच्या गरजेतून. ज्युदोचे जनक कानो जिगोरो १८६० चे. शाळेत असताना अंगाने किरकोळ, त्यामुळे दांडग्या पोरांचा मार खाणारे. त्यावर उपाय म्हणून ते जुजुत्सू शिकायला गेले. तिथे फुकुशिमा नावाचा एक आडदांड सहकारी त्यांना काही केल्या पडेना. सूमोचे डाव करून झाले, उपयोग झाला नाही. मग त्यांनी ग्रंथालय गाठलं आणि पाश्चात्त्य कुस्तीच्या पुस्तकांत एक डाव शोधून काढला. समोरच्याचा हात धरून त्याला पुढे ओढायचं, तो तोल सावरायच्या आत खाली बसून त्याच्या काखेत डोकं घालायचं, दुसरा हात त्याच्या मांड्यांतून नेऊन त्याला खांद्यांवर आडवा घ्यायचा आणि उठायचं. फुकुशिमा पडला. हा डाव पुढे ज्युदोत काता-गुरुमा म्हणून स्थिरावला. आपल्या तालमीतल्या पोराला तो समजावून सांगायची गरज नाही, तो कलाजंग मारतो तेव्हा हेच करतो. १८८२ मध्ये तोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत कानोंनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. वजनदार माणसाचं वजनच त्याच्याविरुद्ध वापरायचं, हा तिथला पहिला पाठ होता.

ही विद्या हिंदुस्थानातही लवकर आली. रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी हे ज्युदोचे नामांकित शिक्षक शिकवायला आले होते. पण तिचं लोण तेव्हा फार पसरलं नाही. आपल्याकडे कुस्ती इतकी भरभक्कम होती की तिच्या शेजारी दुसऱ्या कशाला जागा मिळणं अवघडच होतं.

त्याच १९२९ साली वासेदा विद्यापीठाचा ज्युदो संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि तिथल्या कुस्तीगिरांपुढे त्याचं काही चाललं नाही. संघात इचिरो हात्ता नावाचा तरुण होता. अंगरख्याला धरून पाडायची सवय असलेल्या ज्युदोकाला उघड्या अंगाचा, घामाने निसटणारा प्रतिस्पर्धी सापडत नाही, हे त्याच्या लक्षात आलं. जपानला परतल्यावर त्याने १९३१ मध्ये वासेदात कुस्तीचा क्लब काढला आणि पुढे सारं आयुष्य जपानी कुस्ती उभी करण्यात घालवलं. त्या हरण्यातून हात्ताने जे उभं केलं, त्याचं मला फार मोल वाटतं. हरून आल्यावर तो पंचांच्या किंवा नियमांच्या नावाने बोटं मोडत बसला नाही. आपल्याला काय येत नाही हे त्याने पाहिलं आणि ते शिकवणारी जागाच उभी केली.

महायुद्ध संपलं, जपान हरला, आणि अमेरिकी अंमलाखाली शाळा-कॉलेजांतून ज्युदोसकट सगळ्या युद्धविद्यांवर बंदी आली. शाळांमध्ये ज्युदोला परत यायला १९५० साल उजाडलं. या मधल्या वर्षांत ज्या ज्युदोकांनी कुस्तीची वाट धरली त्यांत शोहाची इशी होता. अंगात ज्युदोचा तोल, जपानी कुस्ती संघटनेची सूत्रं आता हात्ताच्या हाती, आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जपानला बोलावणंच नसल्याने हेलसिंकीची आस धरून बसलेला अख्खा देश. इशी हेलसिंकीला गेला तेव्हा हे सगळं त्याच्या पाठीशी होतं.

आता गोळेश्वर. खाशाबा घरातलं धाकटं पोर, पाच भावांत शेवटचं. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झालं आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. उंची जेमतेम साडेपाच फूट. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तर क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी बघून त्यांना परत पाठवलं, असं सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी उतरायला परवानगी दिली आणि या पोराने आपल्याहून वजनाने आणि नावाने मोठ्या मल्लांना एकामागून एक अस्मान दाखवलं. हा प्रसंग मला पदकाइतकाच मोठा वाटतो. क्रीडाशिक्षकाने नाही म्हटल्यावर घरी जाणारी पोरं शेकड्याने असतात. प्राचार्यांच्या दारावर जाऊन उभा राहणारा एखादाच.

त्यांचा हातखंडा डाव ढाक. समोरच्याची मान बगलेत घट्ट धरायची, कंबर त्याच्या पुढ्यात आत घालायची आणि त्याला आपल्या अंगावरून फिरवून जमिनीवर आणायचं. यात बळ लागतं, पण त्याहून जास्त लागते ती वेळ साधण्याची नजर. मोठा गडी पुढे रेटत येतो, त्याचं वजन टाचांवरून चवड्यांवर जातं. तो क्षण निसटला की लहान माणूस त्याच्याखाली चिरडलाच समजा. तालमीत बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींच्या नजरेखाली खाशाबांनी ही वेळ इतकी घोटली की ती हाडांत मुरली.

१९४८ मध्ये लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे पहिल्यांदा गादीवर उभे राहिले. मातीवर वाढलेल्या पैलवानाला गादी म्हणजे परका प्रदेश असतो. मातीत बोटं रुततात, पाय धरला जातो, माती अंगाला चोळली की पकड सुटत नाही. गादीवर पाय घसरतो आणि प्रतिस्पर्धीही निसटतो. मातीत कुस्ती चितपटीवर संपायची, तोवर पाव तास लागो की तास. गादीवर घड्याळ असतं, पंच असतात, कडेबाहेर गेलं की पुन्हा मध्ये यावं लागतं. रीस गार्डनर या माजी अमेरिकी कुस्तीगिराने तिथे त्यांना शिकवलं. हाताशी दिवस थोडे होते. तरी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला त्यांनी हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र थांबावं लागलं. फ्लायवेट गटात सहावा क्रमांक आला. गादीवर पहिल्यांदाच उतरणाऱ्या माणसासाठी हे थक्क करणारं आहे. परतल्यावर खाशाबांचा सराव आणखी कडक झाला, वजनाचा गट बदलून ५७ किलोचा बँटमवेट झाला आणि नजर हेलसिंकीवर लागली.

इथे थोडं आमच्याकडे वळतो. १९५२ साली यवतमाळ महाराष्ट्रात नव्हतं, महाराष्ट्र हे राज्यच नव्हतं. वऱ्हाडातले आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. गोळेश्वर मुंबई राज्यात. तेव्हा खाशाबा कागदोपत्री आमच्यासाठी परराज्यातले. पण कुस्ती इथेही तितकीच मुरलेली होती. शेजारच्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान आखाडा म्हणून जे रोपटं लावलं, ते आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ मध्ये बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने मल्लखांब, लेझीम आणि कबड्डी जगासमोर करून दाखवली. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांत शिट्टी गळ्यात घालून फिरणारे कित्येक शिक्षक तिथेच घडले.

गावोगावच्या दंगलींची पद्धत मात्र खास. आपली जमीन काळी, कपाशीची. भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते. तेव्हा आखाड्यासाठी तांबडी, भुसभुशीत माती कुठून तरी आणायची. वजनकाटा कुठेच नाही. चार जाणते दोन पोरांना शेजारी उभं करून, दंड-मांड्या चाचपून जोड लावतात. ‘चालते’ म्हटलं की चाललं. कधी जोड जमत नाही आणि एखादा हट्टी पोरगा आपणहून मोठ्याला हात देतो. तेव्हा सगळं मैदान त्या लहान्याच्या बाजूने ओरडतं. अशा मैदानावर वाढलेल्या पोराला मोठ्या अंगाची भीती नसते, ही आमची खरी कमाई.

पण हाच पोरगा शालेय ज्युदोत उतरला की अडतो. जिल्ह्यातून जिंकून अमरावती विभागाला जातो, तिथून राज्याला. मी पाहिलेल्या लढतींत त्याचं असंच होतं: सुरुवातीचं ‘हाजिमे’ ऐकू येताच तो सवयीने खाली वाकतो आणि समोरच्याचा पट काढायला जातो. पंच ‘मात्ते’ म्हणून थांबवतात आणि शिदो, म्हणजे शिक्षा, देतात, कारण ज्युदोत पायाला थेट हात घालणं २०१० पासून आवळत आणून २०१३ मध्ये पूर्ण बंद केलं गेलं. कानोंनी फुकुशिमाला ज्या रूपात खांद्यावर घेतला ते रूपही त्यामुळे आज स्पर्धेत चालत नाही. असे तीन शिदो झाले की लढत गेली. पोराला कळतच नाही आपण काय चुकलो. त्याच्या अंगात सगळं असतं. या गादीचा कायदा मात्र त्याला आधी कुणी सांगितलेला नसतो. लंडनमध्ये खाशाबांपुढे हीच भिंत उभी होती, चार वर्षांनी हेलसिंकीत ती आणखी उंच झाली.

हेलसिंकीआधी दोन अडथळे होते. पहिला निवडीचा. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला असा खाशाबांचा आक्षेप होता. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन. त्यांनी बंगालच्या निरंजन दासशी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी त्याला चीत केलं. दुसरा अडथळा पैशाचा. गावाने वर्गणी काढली, दुकानदारांनी, शेतकऱ्यांनी जमेल ते दिलं. तरीही भागेना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळात ही रक्कम केवढी मोठी होती, याचा अंदाज आज करणं अवघड आहे. शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी केलेली याहून मोठी गोष्ट मला तरी आठवत नाही.

त्या ऑलिंपिकची कुस्ती आजच्यासारखी नव्हती. लढत १५ मिनिटांची. हरल्यावर तर उणे गुण मिळायचेच, पण चीत न करता नुसत्या पंचांच्या कौलावर जिंकलं तरी थोडे जमा व्हायचे. पाच झाले की मल्ल बाद. म्हणजे जिंकायचं तर चीत करूनच जिंकायचं. मातीतल्या माणसाला हे मानवणारं होतं. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्वीनला चीत केलं, मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला चीत केलं, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवरही मात केली.

मग इशी. पंधरा मिनिटं दोघांनी एकमेकांना सोडलं नाही. ज्युदोत तयार झालेल्या माणसाला समोरच्याचा तोल कुठे जातोय ते पकडीतूनच कळतं. खाशाबांच्या ढाकेला जो क्षण लागायचा, तो देणारा हा प्रतिस्पर्धी नव्हता. तोही त्याच क्षणाच्या शोधात वाढला होता. दोघांचे डाव वेगवेगळ्या देशांत पिकलेले, पण गाभा एकच: समोरच्याचं वजन त्याच्या पायाबाहेर न्यायचं. गुणांवर कौल इशीच्या बाजूने गेला.

दुसरा पराभव सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवकडून. सोव्हिएत संघाचं ते पहिलंच ऑलिंपिक, आणि कुस्तीत त्यांनी जीव ओतला होता. त्या दिवसाबद्दल सांगितलं जातं ते असं: दोन लढतींमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता, पण दमून गेलेल्या खाशाबांना ती मिळाली नाही. हरकत घ्यायला गादीच्या कडेला एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. इशीला सुवर्ण, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. हेलसिंकीत जपानला मिळालेलं एकमेव सुवर्ण इशीचंच. त्याच स्पर्धेत फेदरवेट गटात कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले, पदकापासून एक पायरी दूर. त्यांचं नाव आज किती जणांना आठवतं?

या दोन पराभवांकडे मी असा पाहतो. ५७ किलोच्या गटात तिघांचं वजन सारखंच. अंगाने कुणी मोठा नव्हता. मोठं होतं ते त्यांच्या मागे उभं असलेलं बळ. इशीमागे हात्तासारखा माणूस आणि वीस वर्षांची आखणी होती. मम्मदबेयोवमागे अख्खं सोव्हिएत राज्य होतं. खाशाबांमागे एक गहाण पडलेलं घर, गावची वर्गणी आणि दोन-तीन वस्तादांची शिकवण होती. एवढ्या शिदोरीवर ते जगात तिसरे आले. तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता की नाही, हे कुणी सांगू शकत नाही. पण तो मागणारा माणूस तिथे असणं ही काही चैन नव्हती. वस्तादाइतकाच तोही मल्लाच्या तयारीचा भाग असतो. आज आमच्या जिल्ह्यातली मुलगी विभागाला, राज्याला ज्युदो खेळायला जाते तेव्हा तिच्या सोबतच्या शिक्षकाला नियमांचं पुस्तक पाठ असावं, वजनाची वेळ माहीत असावी आणि गरज पडली तर टेबलापाशी जाऊन बोलायची धमक असावी, हे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

वजनाचं म्हणाल तर ते महत्त्वाचं नाही असं मात्र नाही. ज्युदोच्या घरातच ते सिद्ध झालं. तोक्योत १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला. तीन वजनी गट आणि एक खुला. खुल्या गटाच्या अंतिम लढतीत २३ ऑक्टोबरला जपानचा अकिओ कामिनागा, समोर जवळजवळ साडेसहा फुटी डच अँटन गीसिंक. सारा जपान श्वास रोखून बसला होता. गीसिंकने कामिनागाला जमिनीवर दाबून ठेवलं आणि सुवर्ण नेलं. नुसत्या अंगावर त्याने हे केलेलं नव्हतं. तो जपानमध्ये जाऊन, जपानी ज्युदोकांबरोबर घाम गाळून शिकलेला होता. डच पाठीराखे जल्लोषात गादीकडे धावले, तेव्हा त्याने हात वर करून त्यांना थांबवलं. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याचा मान आधी राखला. मोठ्या अंगाच्या माणसाने विद्याही कमावली, तर लहान्यापुढे फारशी वाट उरत नाही. म्हणूनच ज्युदोत वजनी गट वाढत गेले, आणि म्हणूनच स्पर्धेच्या सकाळी काट्यावर उभं राहणाऱ्या पोराला आपला गट नेमका ठाऊक असायला हवा.

खाशाबांना सरकारी मान फार उशिरा मिळाला. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत मशाल घेऊन धावणाऱ्यांत ते होते. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या पश्चात, या शतकाच्या उंबरठ्यावर आला. दिल्लीतल्या कुस्तीच्या बंदिस्त मैदानाला त्यांचं नाव दिलं गेलं २०१० मध्ये, आणि त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन ठरला तो आत्ता आत्ता. महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ चं पॅरिस यावं लागलं. ते आणणारा नेमबाज स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातला.

लोकांनी मात्र वेळ लावला नव्हता. हेलसिंकीहून परतल्यावर कऱ्हाड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांची वाट, त्या दिवशी सात तास लागले. आणि गुलाल उतरल्यावर खाशाबांनी जे पहिलं काम हाती घेतलं ते हिशेबाचं. कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले, आणि मिळालेलं बक्षीस खर्डेकर सरांच्या हाती दिलं, गहाण पडलेलं घर सोडवायला.